थर्मासशी माझं वाकडं

तो माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर म्हणाल हा जळतोय. जळतोच मी. एकोणीस वर्षं आम्ही एकाच कंपनीत लांब पल्ल्याचे ट्रक चालवतोय, एकाच महिन्यात लागलो, वयही सारखंच. पण माझं पोट स्टिअरिंगला टेकतं आणि हा पन्नाशीतही केबिनमधून टुणकन खाली उतरतो. त्याला सगळे थर्मास म्हणतात.

कारण त्याचा स्वयंपाकच थर्मासमध्ये होतो. सकाळी गाडी काढायच्या आधी तो छोट्या गॅसवर पाणी उकळतो. रात्री भिजत घातलेली डाळ, चिरलेलं गाजर, कांदा असं सगळं रुंद तोंडाच्या थर्मासात टाकतो, वरून उकळतं पाणी ओततो, झाकण घट्ट लावतो आणि सीटमागच्या बिछान्यावर पांघरुणात गुंडाळून ठेवतो. पाच तास गाडी चालते, तोवर आत डाळ शिजते. दुपारी लिंबू पिळून जेवतो आणि मग गाडीभोवती वीस फेऱ्या मारतो. मोजून वीस. आम्ही बाकीचे ड्रायव्हर समोरच्या खानावळीत तळलेलं मटण तोडत त्याच्याकडे बघत असायचो.

"गाडी पळून जाईल म्हणून राखण करतोय," मी म्हणायचो, आणि अख्खं टेबल खो खो हसायचं.

एकदा बायको मला डबा द्यायला यार्डात आली आणि नेमका हा तिथे काकडी चिरत बसलेला. परत निघताना म्हणते, "अहो, तुमच्याच वयाचे ना ते? कसं ठेवलंय बघा स्वतःला." बरं, एवढ्यावर थांबावं की नाही? पुढचे दोन दिवस फोनवर तेच. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. एकोणीस वर्षं मी हिच्यासाठी रस्ते तुडवले, आणि कौतुक कोणाचं, तर काकडी चिरणाऱ्याचं.

त्यात कंपनीची वार्षिक तपासणी आली. डॉक्टरबाईंनी कागद बघितला आणि चष्मा काढला. "साखर हद्दीबाहेर गेलीय. सहा महिने देते. तेव्हाही अशीच निघाली तर लांब पल्ला बंद, यार्डात बसावं लागेल."

यार्डात बसायचं म्हणजे फाटकाशी खुर्ची टाकायची आणि दुसऱ्यांच्या गाड्यांना दांडा वर-खाली करायचा. त्यापेक्षा मी मेलेला बरा, असंच मला वाटलं. गाडी सोडून मला दुसरं येतं काय?

थर्मासला कळलं. यार्डात बातमी राहते कुठे. तो खानावळीत आमच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. "अरे, माझ्याकडे जास्तीचा थर्मास आहे. आपला रस्ता एकच, थांबतोही एकाच ठिकाणी. दुपारी माझ्याकडे जेवत जा."

सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. मी म्हणालो, "नको बाबा, माझ्या जिभेला अजून चव आहे." टेबल हसलं. तो मान हलवून गेला.

आणि दुसऱ्या दिवशी मी गुपचूप थर्मास विकत आणला. हो, आणला. सीटखाली बुटांच्या मागे दडवला. पहिल्या खेपेला डाळ भिजवायची राहिली, ती दाताखाली खडे फोडल्यासारखी लागली. मग जमलं. छान जमलं, आणि छान लागलं याचाच मला जास्त राग आला. अकरा वाजता कुठेतरी आडबाजूला गाडी लावायची, काच वर करायची आणि चोरासारखं जेवायचं.

पण एक वाजता खानावळ चुकवता येईना. टेबलावर बसून खाल्लं नाही तर हे म्हणणार, गेला, थर्मासचा चेला झाला. म्हणून मी पुन्हा जेवायचो. शिवाय वर दोन गोड चहा, मन मोठं आहे हे दाखवायला. डाळ पथ्याची आणि मटण इभ्रतीचं, अशी रोज दोन जेवणं.

तरी मी बारीक होतोय अशी माझी खात्री होती, कारण मी काट्यावर बघत होतो. माल भरला की गाडी वजनकाट्यावर जाते. आधी मी आत बसून वजन करायचो, मग उतरून. फरक तेवढा मी. पहिल्यांदा शंभर किलो निघाले, चार महिन्यांनी ऐंशी. वीस किलो उतरलो म्हणून मी बायकोला फोन केला. थर्मासला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने केला.

सहा महिने भरले. डॉक्टरबाईंच्या काट्यावर सत्त्याण्णव किलो. मागच्यापेक्षा तीन जास्त. साखरही चढलेली. मी भांडलो, म्हणालो तुमचा काटा बिघडलाय, मी ट्रकच्या काट्यावर बघितलंय. बाई शांतपणे म्हणाल्या, "तो वीस-वीस किलोंनी सरकतो. तो तुमच्यासाठी नाही, ट्रकसाठी आहे." आणि लांब पल्ला बंदच्या कागदावर त्यांनी सही केली.

केबिनमधलं माझं सामान काढायला कोणी आलं नाही. टेबलावरचा एकही नाही. थर्मास आला, मी न बोलावता. बिछाना गुंडाळला, पडदा काढला, बूट ओढले आणि मागचा थर्मास त्याच्या हाताला लागला. त्याने झाकण उघडून वास घेतला.

"कधीपासून?"

"सहा महिने."

तो हसेल म्हणून मी वाट बघत होतो. हसला असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. तो केबिनच्या पायरीवर बसला. मीही बसलो.

"तुला काय वाटतं, मला एकट्याने जेवायला आवडतं?" तो म्हणाला. "काच वर केली तरी तुमचं हसणं ऐकू यायचं. तू काहीतरी बोलायचास आणि सगळे हसायचे. मला आयुष्यात कधी चार माणसं हसवता आली नाहीत. फार जळायचो मी तुझ्यावर."

"अरे, आम्ही तुलाच हसायचो," मी म्हणालो.

"माहीत होतं," तो म्हणाला. "तरी जळायचो."