वीतभर उंचीचा प्रश्न

यादवराव मिस्त्रींना सरळ प्रश्न विचारला, की ते आधी कोपरीच्या खिशातून सुपारी काढीत, अडकित्त्याने ती सावकाश कातरीत आणि मग विचारणाऱ्यालाच उलट प्रश्न करीत. कारंजा घाडगे येथे नागपूर–अमरावती मार्गाच्या कडेला, एका ढाब्याला लागून, त्यांचे पत्र्याचे दुकान होते. मी तिथे पहिल्यांदा गेलो, तेव्हा एक ट्रकवाला ब्रेकची तक्रार घेऊन उभा होता.

"माल काय भरला?" यादवरावांनी विचारले.

"संत्रा."

"कोनाचा?"

ट्रकवाला उखडला. "तुमाले ब्रेक पाह्यचा हाय का संत्रा, मिस्त्री?"

"मालक समजला का गाडीत किती कोंबलं थे समजते," यादवराव म्हणाले आणि सुपारी तोंडात टाकून ट्रकखाली शिरले.

मला हसू आले. पुढे वर्षभर हाच माणूस माझ्या वाट्याला आला, तेव्हा ते हसू टिकले नाही.

कारंज्यापासून सात मैल आत एका धर्मादाय दवाखान्यात मी डॉक्टर होतो. सत्तरचे दशक सरत आले होते. विश्वस्तांनी लष्कराच्या लिलावातून एक जुनी जीप घेतली होती, आणि चाळिशीला टेकलेला मी ती चालवायला नुकताच शिकलो होतो. नाल्यापलीकडे चार गावे होती. तिकडे जायला एकच पांदण, म्हणजे दोन्ही बाजूंच्या कुंपणांमधून जाणारी बैलबंड्यांची वाट. पावसाळ्यात बंड्यांच्या चाकांनी काळ्या मातीत दोन खोल चर पडत आणि मधला उंचवटा तसाच राही. जीपची चाके चरांत उतरली की तिचे पोट त्या उंचवट्यावर टेकायचे. चाके जागच्या जागी फिरत, आणि कुणी बैल घेऊन येईपर्यंत मी स्टिअरिंग धरून बसून राही. आदल्या श्रावणात असाच अडकलो. पलीकडच्या गावात एक बाई बाळंतपणात अडली होती. मी चिखल तुडवीत पायी पोचलो, तोवर मूल गेले होते. बाईच्या सासूने मला पाय धुवायला पाणी दिले.

त्यामुळे माझी मागणी मला तरी अगदी साधी वाटत होती. जीप वीतभर उचलावी आणि तिला मोठे टायर बसवावेत. मी वहीत आकृतीसुद्धा काढून नेली होती.

"करता येते," यादवराव म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. "पन करावं का नाई, थे अलग हाय. पांदन पाहा लागन."

पांदण पाहायला ते संक्रांत उलटल्यावर आले. सबंध वाट पायी चालले, काठीने चरांची खोली मोजली आणि वाटेत मला विचारीत राहिले. बंड्या कोणत्या गावच्या? नाल्यात पाणी किती दिवस राहते? "पेशंट बाई गाडीत कुठं बसते, डॉक्टरसाब? संग कोन येते?" मी म्हणालो, "मागे बसते. घरचे येतात," आणि पुन्हा वही उघडून दाखवली. त्यांनी तिच्याकडे पाहिलेही नाही.

होळी झाली, तरी उत्तर नव्हते. मी दर आठवड्याला दुकानात जाऊन बाकावर बसू लागलो.

"टायर मोठा लावला, त चिखल बसाले जागा कुठं राह्यली?" ते म्हणत. "आपली माती पाह्यली ना? हातले लागली त धुतल्याबिगर निंघत नाई. मडगार्डात भरली का चाकच जाम."

"मग टायर आहेत तेच ठेवू. नुसती जीप उचला."

"लय उचलली का चाकं फिरवनारा शाफ्ट तिरपा चालन. त्याचा जोड तुटन."

"मग थोडीच उचला."

"थोडी म्हंजे किती?"

इथे माझी वही मिटत असे. मी रोज पाच-पाच मिनिटांत माणसांच्या पोटदुखीचा निर्णय करीत होतो, आणि या गृहस्थांना चार चाकांचा निर्णय करायला अख्खा उन्हाळा पुरत नव्हता. नकार द्यायचा असेल तर त्यांनी सरळ द्यावा, असे मला तोंडावर सांगायचे होते. पण मी स्वभावाने भिडस्त. परतीच्या वाटेवर हे सारे मी मोठ्या आवाजात जीपच्या काचेला ऐकवीत असे. यादवराव जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली, तरी त्या उन्हाळ्याची चीड माझ्या मनातून पूर्णपणे गेली आहे, असे म्हणवत नाही.

वैशाख संपताना मी जीप हिंगणघाटला नेली. तिथल्या मिस्त्रीने सुपारी काढली नाही की प्रश्न विचारला नाही. "परवा घेऊन जा," एवढेच तो म्हणाला. परवा जीप तयार होती. स्प्रिंगांच्या कमानीपाशी लोखंडी ठोकळे घालून ती चांगली वीतभर उचललेली, खाली जाडजूड टायर. मी कारंज्यावरून परतत होतो, तेव्हा यादवराव दुकानाबाहेर उभे होते. त्यांनी हात वर केला. मी पाहिले न पाहिलेसे केले आणि वेग वाढवला.

आषाढात त्या जीपने पांदण पार केली. मडगार्डांत चिखल भरत होता हे खरे, दोनदा उतरून तो खुरप्याने काढावा लागला. पण पोट कुठेही टेकले नाही. नाल्यापलीकडे पोचल्यावर मी एकटाच मोठ्याने हसलो.

पंधरा दिवसांनी पलीकडच्या गावातून निरोप आला. शांता नावाची सून, पहिलेच बाळंतपण, दुसरा दिवस उजाडला तरी सुटका नाही. मी तासाभरात तिच्या अंगणात जीप उभी केली. तिला वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात नेणे भाग होते. सासूचा आधार घेत शांता जीपच्या मागच्या बाजूशी आली आणि थांबली. चढायची कड तिच्या कमरेच्याही वर होती.

गोठ्यापाशी तिचा सासरा आणि भासरा, म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ, उभे होते. त्या घरात ती या दोघांसमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नव्हती. आता लुगडे गुडघ्यावर घेतल्याशिवाय पाय वर पोचणार नव्हता.

"मी नाई चढत," ती म्हणाली.

"अवं माय, जीव जाऊन राह्यला अन् तू लाजून राह्यली!" सासू रडकुंडीला आली.

मी आयुष्यात क्वचितच ओरडलो आहे, तेव्हा ओरडलो. "सगळे पुरुष पाठ फिरवा!" पुरुषांनी पाठी फिरवल्या. शांताने प्रयत्न केला, पण कळ आली आणि पाय अर्ध्यातूनच खाली आला. पाट आणून ठेवला, तो चिखलात घसरला. नवरा तिला उचलू लागला, तेव्हा ती किंचाळली. शेवटी सासूच म्हणाली, "बंडी आना! बंडीवरून गाडीत घेऊ." बंडी आणली, मागून टेकवली, तीतल्या तणसावर, भाताच्या पेंढ्यावर, शांता चढली. बंडी जीपला भिडवायला माणसांनी हात लावले, आणि तिथेच, माझ्या जीपपासून दोन हातांवर, ती बाळंत झाली.

मुलगा झाला. दोघेही वाचले. लोक गूळ वाटू लागले. मी मात्र जीपच्या उंच बैठकीवर जाऊन बसलो. ज्या बायकांसाठी मी गाडी उंच केली, त्यांनाच ती उंच पडली होती, आणि हे माझ्या वहीत कुठेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी कारंज्याला गेलो. यादवरावांनी सारे ऐकून घेतले.

"तुम्हाला हे ठाऊक होतं?" मी विचारले.

"नाई जी. मालूम असतं त सांगितलं नसतं का? म्हणून त विचारून राह्यलो होतो, बाई कुठं बसते, संग कोन येते. तुमी वही दाखोली."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता, तर मला बरे वाटले असते.

त्यांनी जुने टायर पुन्हा चढवले, ठोकळे कापून अर्धे केले आणि मागे एक लोखंडी पायरी जोडली. मग घरातून बायकोला, वच्छलाबाईंना, हाक मारली. ढाब्यावरच्या ट्रकवाल्यांसकट सगळ्यांना पाठ करून उभे राहायला लावले, आणि स्वतःही रस्त्याकडे तोंड केले.

"चढली का?"

"कशाची चढते! तुमच्या उंचीनं बनवली का माह्या?"

पायरी काढली, खाली घेतली. पुन्हा हाक, पुन्हा पाठी. "अजून चार बोटं," मागून आवाज आला. आभाळ भरून येत होते, मला परत जायचे होते, आणि मिस्त्री तिसऱ्यांदा नटबोल्ट सोडवीत बसले होते. मी घड्याळ पाहिले, हे त्यांनी पाहिले. हात मात्र तितक्याच संथपणे चालत राहिले. अखेर वच्छलाबाई म्हणाल्या, "आता पोटुशी बी चढन."

ती जीप त्याही पावसाळ्यात दोनदा अडकली. पण भाद्रपदात पलीकडच्याच एका गावातली बाई तिच्यातून वर्ध्याला पोचली आणि मुलीसह सुखरूप परत आली. स्वतःच्या पायांनी चढली होती. हे सांगायला मी मुद्दाम कारंज्याला गेलो. आभाराची वाक्ये मी वाटेत जुळवून ठेवली होती. पहिलेच वाक्य यादवरावांनी अर्ध्यावर तोडले आणि जीपच्या मागे वाकून पायरीवरून बोट फिरवले.

"पायरीवर पयला पाय कोनता टाकला तिनं? डावा का उजवा?"

"ते... लक्षात नाही."

"उजवीकडचा कोपरा गुळगुळीत झाला. तिकडूनच चढत असन, त त्याले खरबडा करा लागन." ते चिडले होते. "तुमी तिथंच होते ना, डॉक्टरसाब?"

मी तिथेच होतो. तिच्या सासऱ्याशेजारी, कुंपणाकडे तोंड करून.