फळ्यावरचं स्वागत
ओल्या फडक्याने फळा पुसला की खडूचा जो दमट वास येतो, तो मला थेट देवपूरच्या आमच्या चौकात नेऊन उभा करतो. पस्तीसेक वर्षांपूर्वी मी तिथे चित्रकलेचा मास्तर होतो आणि अक्षर बरं म्हणून रोज शाळेआधी चौकातल्या फळ्यावर गल्लीतल्या बातम्या लिहायचो. एका सकाळी भाजी विकणारी अक्का सांगत आली, "भाऊ, आडना पानीले गटारना वास येस. लिखी टाका." मी ठळक लिहिलं, आडाचं पाणी पिऊ नका. तासाभरात कार्यकर्ते आले. साहेबांची सभा चौकातच होती. त्यांच्या तोंडासमोर गटार नको, म्हणाले. मी बातमी पुसली आणि रंगीत खडूंनी, भोवती वेलबुट्टी काढून, साहेबांचं स्वागत लिहिलं. सभा झाली की परत लिहू म्हटलं, पण ते इतकं देखणं जमलं होतं की आठवडाभर पुसवेना. अक्काला वाचता येत नव्हतं. "मनी बातमी भारी लिखी, भाऊ," ते स्वागतच आपली बातमी समजून ती म्हणाली, आणि मी हसून मान डोलावली. मग मागच्या गल्लीत जुलाब-उलट्या सुरू झाल्या आणि माझ्याच वर्गातली, नववीतली एक मुलगी गेली. तिची निधनवार्ता लिहायला मी ते स्वागत पुसत होतो, तेव्हा अक्का मागे येऊन उभी राहिली. "इतलं रंगीत लिखेल व्हतं, भाऊ," ती म्हणाली, "तरी लोकेस्नी ते पानी काबर पिधं?" मी पुसतच राहिलो. आता अक्का नाही. तिला द्यायचं उत्तर आज इथे लिहिलंय, पण तिला कुठे वाचता येत होतं.