विहिरीतला हिरवा गोटा

गिरडजवळच्या आमच्या विहिरीतून गोटा निघाला एकच, पण किस्से इतके निघाले की त्यांनीच विहीर बुजेल! काळ्या दगडावर हिरव्या काचेसारखे टोकदार खडे. माझी पिंकी अडीच वर्षांची, तिला ऐकू येत नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, "कानाची मशीन लवकर लावा, नाहीतर बोलणं राहून जाईल." मशीन सहा हजारांची. मी ठरवलं, ती या गोट्यातूनच काढायची.

*

गिरडला शेखबाबांच्या दर्ग्याच्या टेकडीवर, बाबांच्या शापानं दगड झाल्या म्हणतात त्या सुपाऱ्या आमच्याकडे सगळ्यांनी पाहिलेल्या. सासूबाई म्हणाल्या, "सुपारीचा दगड होते, तं हे खडीसाखर असंल!" तेवढ्यात पिंकीनं गोटा चाटला. माझा जीव उडाला! सासूबाई मात्र खुणेनं तिला विचारतात, "गोड हाय काय वं?"

*

गोटा टॉवेलात गुंडाळून, मांडीवर घेऊन वर्ध्याला निघाले. बसमध्ये शेजारची बाई म्हणाली, "किती महिन्याचं हाय?"

सराफानं गोटा उलटसुलट केला. "बाई, हे अंगठीत बसत नाई."

"मंग बोट मोठं पाहा!"

*

वर्ध्याजवळच्या नालवाडीच्या शाळेतले सायन्सचे सर म्हणाले, "साधी गारगोटी."

मी सातवी शिकलेली, पण गारगोटी ओळखते. पदराची पिन काढली. "सर, गारगोटीवर पिनेचा ओरखडा उठत नाई. हे पाहा!" एका कोपऱ्यात बारीक ओरखडा उमटला.

सरांनी चष्मा चढवला, जाड पुस्तक काढलं, बराच वेळ पाहिलं. "अपोफिलाइट! हौशी लोक संग्रहासाठी विकत घेतात. अख्खा राखा. फुटला की मोल गेलं."

घरी येऊन नाव सांगितलं. सासूबाई खूश. "आपोआप लाइट? मंग बिल नाई येत काय?"

*

शेवटी शहरातून दगडांचा व्यापारी आला. भिंगातून पाहिलं. "पाचशे."

"आधी नाव सांगा."

"हिरवा दगड, ताई."

"नाव माहीत नाई, अन् किंमत कशी माहीत?"

तो हजारावर आला, तिथंच अडला. मीही अडले. तेवढ्यात धाकटे दीर घण घेऊन अंगणात हजर! "वहिनी, विहीर सामायिक, तं गोटाबी सामायिक. माझा अर्धा आत्ताच तोडून घेतो!"

घण वर गेला. मी ओरडणार, त्याआधी व्यापारीच किंचाळला, "अरे रुको भाऊ! अख्ख्याचे तीन हजार!"

मशीनला अजून तीन हजार कमी होते. पिंकी आपली दारात बसून घणाकडे पाहत होती.

"भाऊजी," मी म्हटलं, "घण अजून एक डाव उचला!"