भीत बुजवायच्या आधी

फोन आला तेव्हा मी नव्या न्हाणीतच उभा होतो. पोरगा बुलढाण्याच्या दवाखान्यातून बोलत होता, "आबा... आई गेली." समोर भीत उघडी, तिच्यात खोदलेल्या झिरीतले पाईप दिसत होते. चार दिवसांआधीच सुमननं मले दवाखान्यातल्या खाटेवरून बजावलं होतं, "मी पाह्यल्याबिगर भीत बुजवू नका. तुमाले लय घाई असते."

घाई असते, हे खरं. सोनाळ्यात हे घर बांधलं तेव्हा मीच गवंड्याले म्हटलं होतं, लाव पलस्तर, पाईपात काय पाहाचं? वर्षभरात कोठीच्या भिंतीले ओल आली, खाली ठेवलेल्या तुरीच्या बियाण्याले मोड फुटले. सुमननं हातोडा घेतला आन् भीत फोडली. गळका सांधा सापडल्यावर मले बलावलं, "या, पाहा तुमचं काम."

तेव्हापासून गावात कोणाची भीत बुजणार असली की ती पाहाले जाई. बोलावलं नाही तरी जाई. पाईपात पाणी भरून तोंडं बंद करायची, सांधे पुसायचे आन् प्रत्येकावर ज्वारीचं कोरडं पीठ भुरभुरायचं. थेंबभर पाझरलं तरी पीठ काळपट पडते. हे तिले कोणी शिकवलं? विचारलं तर म्हणे, "ओल पिठाले आधी समजते, मंग माणसाले." सलीम गवंडी चिडवे, "काकू, पीठ इथंच संपवता, काकाले भाकर कशाची?" ती म्हणे, "उपाशी ठेवलं तरच त्याईले अक्कल येते."

सव्वा महिना भीत उघडी राहिली. तिचे गुडघे दुखत म्हणूनच खोलीले लागून ही न्हाणी काढली होती... आता बुजवली तर तिनं न पाहताच बुजवली, असं होईल. पण किती दिवस ठेवू? परवा सलीमले बलावलं. पीठ मीच भुरभुरलं. खालच्या सांध्यावरचं काळपट पडलं. सलीमनं तो कापून नवा बसवला. काल पुन्हा पाहिलं, सगळं कोरडं.

आज सलीमनं विचारलं, "लावू काय सिमिटाचा मसाला?"

"लाव."

तो थांबला. "काका, काकू पीठ पाहून झाल्यावर शेवटी भिंतीले कान लावत व्हत्या."

मले माहीतच नाही. मी नेहमी तिले तिथं सोडून, चहा पिऊन निघून जात होतो. "काय ऐके ती?"

"इचारलं नाही कधी. त्या डोळे मिटत, आमी चूप राहत होतो."

चष्मा काढून मी कान लावला. वीट थंड होती. बाहेर बकऱ्या, कोणाचा तरी ट्रॅक्टर... भिंतीत काहीच नाही. मी डोळे मिटले. सलीमनं थापी खाली ठेवली.