टाकीतली आमसुलं

कुवेतमध्ये मोटारसायकल बाळगणारा मराठी माणूस एक तर नवखा असतो, नाही तर हट्टी. आमच्या घरात दुसऱ्या प्रकारचा होता. ही सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. पेट्रोल पाण्यापेक्षा स्वस्त, ओळखीपाळखीचे सगळे ऐसपैस मोटारींतून फिरणारे, आणि आमचे इंजिनियर यजमान मात्र मायदेशी निघालेल्या एका सहकाऱ्याकडून घेतलेल्या जुन्या मोटारसायकलवरून रिफायनरीत जायचे. मी हॉस्पिटलात नर्स. अपघाताचे पेशंट रोज बघत असल्यामुळे त्या गाडीचं आणि माझं कधी जमलं नाही.

त्या वर्षी पावसाळ्यात रत्नागिरीकडच्या गावी सासूबाई वारल्या. मामंजींना एकटं कसं ठेवायचं, म्हणून दोन महिन्यांनी आम्ही त्यांना कुवेतला घेऊन आलो. त्यांचं सामान म्हणजे थोडी धोतरं, पंचांग आणि आमसुलांची एक बरणी. ती आमसुलं सासूबाईंनी उन्हाळ्यात घातलेली, त्यांच्या हातची शेवटची. मामंजींनी बरणी स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवली. हात लावू नका असं काही ते म्हणाले नाहीत, पण रोज सकाळी तिचं झाकण घट्ट आहे ना ते बघायचे. मी आपली आमटीत चिंच घालत राहिले.

इथे त्यांचं मन रमेना. आम्ही दोघं कामावर गेलो की ते बाल्कनीत खुर्ची टाकून रस्त्यावरच्या गाड्या बघत बसायचे. जेवण चिमणीएवढं. एक दिवस ताटावरून उठता उठता मुलाला म्हणाले, "शनिवारी माझ्या तिकिटाचं बघ. मी जातो परत. इथे माझं काय काम?"

 गावच्या घरात आता सकाळचा चहा विचारायलाही कोणी नव्हतं. पण नुसतं "राहा हो" म्हणून उपयोग नव्हता. काम नाही तिथे माणसाने थांबू नये, हे त्यांचं ठाम मत, आणि ठाम मतं या घराण्यात भरपूर आहेत.

मध्ये शुक्रवार होता, सुट्टीचा. मोटारसायकल गेले काही दिवस आचके देऊन बंद पडत होती, म्हणून हे खाली पार्किंगमध्ये पाने घेऊन बसले. रिफायनरीत परवान्यावर सह्या झाल्याशिवाय बोल्टाला हात न लावणारा हा माणूस घरी मात्र आधी उघडतो आणि मग विचार करतो. पेट्रोलची तोटी बंद केली, रबरी नळी ओढून काढली, सीट उतरवली, मागचा बोल्ट सोडवला, टाकी मागे सरकवून उचलली आणि उरलेलं पेट्रोल डब्यात ओतलं. मग ती टाकी बाळासारखी कवटाळून वर बाल्कनीत आणली. आत बघतो तर सगळीकडे गंजाचे पापुद्रे.

"असं कसं झालं? उन्हाळ्यात तर आतून धुतली होती मी," हे म्हणाले.

"कुठल्या नळाखाली?" मी विचारलं.

आमच्याकडे दोन नळ होते, एक गोड्या पाण्याचा आणि एक मचूळ पाण्याचा. यांनी मचूळ नळाच्या दिशेने बोट केलं. दिवसभर तेल शुद्ध करणाऱ्या माणसाने स्वतःच्या टाकीला खारट पाण्याची आंघोळ घातली होती.

"राईच्या भंगारबाजारात नेऊन देऊन टाका," मी म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं.

तेवढ्यात मामंजी खुर्चीतून उठले. टाकीत एक डोळा घालून त्यांनी बघितलं, बोटाने गंज खरवडला. "घरातली तांब्यापितळेची भांडी कशाने निघतात गो?"

"चिंचेने."

"चिंचेचा चोथा आत अडकेल. आमसूल बरं." असं म्हणून ते आत गेले आणि बरणी घेऊनच आले.

"मामंजी, ती नको!" मी जवळजवळ ओरडलेच. "आईंच्या हातची आहेत. मी लिंबं आणते."

"तिच्या हातची आहेत ते मला माहीत नाही होय? तिने काय शोभेला ठेवायला घातली होती? ती असती तर म्हणाली असती, बघत काय बसलात, मोड येणार आहेत का त्यांना?" आणि स्वतःच हसले. हसता हसता डोळे भरून आले, तेव्हा धोतराच्या सोग्याने पुसले. मलाही रडू आवरेना. पेट्रोलच्या वासाने डोळे झोंबतात, असं मी यांना सांगितलं.

माझ्या सगळ्यात मोठ्या पातेल्यात अर्धीअधिक आमसुलं उकळली. ते लालभडक पाणी निववून, गाळून टाकीत ओतलं, वर गंज खरवडायला मूठभर खडी टाकली.

"बाबा, आमसुलाला मीठ असतं. परत गंजेल," इंजिनियरांनी शंका काढली.

"मग नंतर गोड्या पाण्याने धू. या खेपेला नळ मी दाखवतो."

शनिवार आला नि गेला. तिकिटाचं नाव कोणी काढलं नाही, कारण मामंजींना सवड नव्हती. आम्ही कामावर गेलो की ते दर थोड्या वेळाने टाकी उचलून खुळखुळवायचे. पाणी तांबूस-काळं झालं की फेकायचं, नवं ओतायचं. शेवटी त्यांनी बापाच्या थाटात मुलाला नळ दाखवला. टाकी धुतली, उन्हात कडकडीत वाळवली, थोडं पेट्रोल आत फिरवून टाकून दिलं. आतला पत्रा चांगला उजळ दिसत होता. टाकी बसवली आणि गाडी एका लाथेत सुरू झाली. मामंजी धोतर खोचून मागे बसले आणि बिल्डिंगीला फेरी मारून आले. मी नर्स असूनही तोंड मिटून उभी राहिले.

उरलेल्या आमसुलांची सोलकढी कर, असं त्यांनीच सांगितलं. वाटी दोनदा भरून घेतली आणि मागून भातही मागितला. त्यांना असं जेवताना बघून मला इतकं बरं वाटलं की विचारावंसंच वाटेना. पण विचारलं, "मामंजी, तिकिटाचं काय करायचं?"

"काढायला सांग. एप्रिलअखेरचं."

"एवढ्या उशिराचं?"

"परसातले रातांबे त्या सुमाराला पिकतात. आमसुलं कोण घालणार?"

"तुम्हाला येतात घालायला?"

"छे. जन्मभर नुसती खाल्ली." त्यांनी भात कालवला. "शेजारणीला विचारीन. पहिल्या वर्षी बिघडतील, तरी तुम्हाला पाठवीन. खावी लागतील."