न ऐकलेली वाट

माझ्या धाकट्या दिरांना आमची मुलं खडीकाका म्हणतात. भाऊजी चष्म्यांच्या दुकानात, मागच्या खोलीत बसून काचा घासतात. तेवीस वर्षं झाली. आठवडाभर यंत्राची घरघर, काचेवर पडणारी पाण्याची बारीक धार, नखांत बसलेला पांढरा गाळ. आणि रविवारी सायकल. लग्न केलं नाही. कुणी छेडलंच तर म्हणायचे, "वहिनी, माझ्या खोलीत एक तर सायकल मावते, नाही तर बायको."

सायकल त्यांनी सुटे भाग जमवून स्वतः बांधली होती. हँडल खाली वळलेलं, टायर चांगले दोन बोटं रुंद. त्यांत हवा मुद्दाम थोडी कमी ठेवायची, म्हणजे खडीवर चाक उडत नाही. पण वस्तीतून त्या सायकलवर बसून जाताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. घरापासून नदीकाठच्या लाकडी अडसरापर्यंत, चांगली पंचवीस मिनिटं, ते ती हातात धरून चालत न्यायचे. समोरचा न्हावी दर रविवारी ओरडायचा, "काय हो, आज सायकलला फिरायला नेताय वाटतं!"

"मोटारी आहेत तिथवर मी पादचारी," भाऊजी मान न वळवता सांगायचे.

अडसराच्या पुढे मोटारींना बंदी. एकदा हट्टानं मीही त्यांच्याबरोबर तिथवर पायी गेले होते. अडसर ओलांडला आणि शंभर पावलांत रस्त्याचा आवाज कुणीतरी दार लोटून घ्यावं तसा बंद झाला. मग फक्त नदी आणि पायाखालची कुरकुर. भाऊजींनी वाकून मूठभर खडी उचलली आणि मला दाखवली, ही टोकदार, ही पाण्यानं गोल केलेली, ही वरच्या खाणीतली. दुकानात काच उजेडात धरून बघतात तशीच बघत होते. म्हणाले, "डोळे मिटून चालवलं तरी आवाजावरून सांगेन कुठं आहे ते." पुढे वाटेला दोन फाटे फुटतात. एक जुन्या रेल्वेची, रूळ उखडून खडी दाबलेली, नदीला धरून सपाट जाणारी. दुसरी दाट झाडीच्या टेकडीवर चढून पलीकडच्या खोऱ्यात उतरणारी.

दोन्हीकडे फोन लागत नाही. म्हणून आमच्या घरात एक रीत पडली होती. भाऊजी निघताना स्वयंपाकघराच्या दारात उभे राहायचे, कुठल्या वाटेनं जाणार आणि किती वाजता येणार ते सांगायचे, आणि मी ते माझ्या वहीत लिहायचे. मी रोज वही लिहिते. जप किती झाला, कुणाला बरं नाही, पाहुणे कोण आले. त्यातच एक ओळ भाऊजींची. "वहिनीच्या वहीत आहे म्हणजे दगडावरची रेघ," असं ते सगळ्यांना सांगायचे. हे आठवलं की आजही माझी मान वर होत नाही.

त्या रविवारी सकाळी साडेसातला मी जपाला बसले होते. माळ पुरी होईपर्यंत बोलायचं नाही हा माझा नेम. आदल्या दिवशी भाऊजींनी त्यावरून चेष्टा केली होती, "देव काही बहिरा नाही वहिनी, एकदा सांगितलं तरी ऐकतो." मला ते लागलं होतं. ते दारात येऊन उभे राहिले, काहीतरी म्हणाले. मी डोळे उघडले नाहीत. ओठ मुद्दाम जरा जोरात हलवले. नुसती मान डोलावली. त्यांची पावलं जिना उतरून गेली. त्यांचं बोलणं कानावर पडलं होतं, पण मी ते आत येऊ दिलं नव्हतं.

माळ संपली तेव्हा ते अडसरापाशी पोचले असतील. वहीतली ओळ रिकामी राहिली. मी मनाशी म्हटलं, रविवारी बहुतेक रुळांच्या वाटेनंच जातात, आणि कणिक मळायला घेतली.

बारा वाजले तरी भाऊजी आले नाहीत. आमच्या ह्यांचा चेहरा उतरला. "अगं, वही बघ. कुठं गेलाय तो? किती वाजता येणार होता?"

मी वही उघडली. हे माझ्या पाठीमागे उभे होते, पायात बूट चढवत. "ऐकलं नाही" एवढे दोनच शब्द बोलायचे होते. पण मग का ऐकलं नाही तेही सांगावं लागलं असतं. ह्यांच्याकडे पाठ ठेवूनच, फळीवरच्या पेन्सिलीनं मी भरभर लिहिलं, आणि तेच मोठ्यानं वाचून दाखवलं, "जुन्या रुळांची वाट. अकरापर्यंत."

हे, दुकानाचे मालक आणि न्हावी असे तिघं निघाले. बारापासून पाचपर्यंत त्यांनी ती वाट पुलापर्यंत दोनदा पालथी घातली. नदीच्या पात्रात उतरून बघितलं. न्हाव्याचा आवाज हाका मारून बसला. मी घरात देवापुढे बसले होते, आणि माझ्या तोंडून एक अक्षर फुटत नव्हतं.

साडेपाचला वनरक्षकाचा फोन आला. त्याच्या फेरीत भाऊजी सापडले होते. टेकडीच्या वाटेवर, पलीकडच्या उतारावर, ओढ्यावरच्या वाहून गेलेल्या मोरीखाली. नऊच्या सुमाराला पडले होते. मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तर पाय जास्त सुधारला असता. किती, ते सांगता येणार नाही. साडेआठ तास. त्यातले निदान चार माझे.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात भाऊजी ह्यांना म्हणाले, "दादा, मी टेकडीचीच वाट सांगितली होती ना?"

"नाही रे. वहीत रुळांची लिहिलीय. तुझ्या वहिनीनं वाचून दाखवली."

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. मी संत्रं सोलत होते. मी म्हटलं, "रुळांचीच म्हणालात तुम्ही."

एवढं नीट, एवढं शांतपणे मी खोटं बोलू शकते हे मला तोवर माहीत नव्हतं. भाऊजी उलट माझीच माफी मागायला लागले. "सगळ्यांना उन्हात फिरवलं मी. आपटलोय ना डोक्यावर, काय सांगितलं तेही धड आठवत नाही." डोक्याच्या तपासणीत काही निघालं नव्हतं. पण माझी वही खोटं बोलेल असं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. त्यांनी स्वतःलाच खोटं ठरवलं.

घरी आले, कुबडी घेऊन दुकानात जाऊ लागले, आणि मग ते हळूहळू दिसायला लागलं. काचेचा नंबर मनगटावर लिहून ठेवायचे. मला विचारायचे, "वहिनी, सकाळी मी चहा एकदाच मागितला ना?" पूर्वी धाकटी त्यांना "काका, माझं नाव काय?" विचारून पळायची, तेव्हा ते तिला भलतंच नाव सांगायचे. आता थांबून, विचार करून, खरं नाव सांगायचे. ती रडवेली होऊन माझ्याकडे आली. "काकाला चेष्टा कळत नाही."

मी रोज देवाला सगळं सांगत होते. देवाला सांगणं सोपं होतं. तो उलटून काही विचारत नाही.

मग एका शुक्रवारी मालक घरी आले. "समजवा हो तुमच्या भावाला," ते ह्यांना म्हणाले. "सोमवारपासून काच घासणार नाही म्हणतो. पुढे बसून फ्रेमा पुसतो म्हणे! गेल्या दोन महिन्यांत एक चूक नाही त्याची. पण म्हणतो, माझ्या डोक्याचा भरवसा नाही, कुणाच्या डोळ्यांना चुकीची काच जाईल."

पाय गेला होता तो माझ्यामुळे. आता हातातलं कामही चाललं होतं.

शनिवारी मी डबा घेऊन दुकानाच्या मागच्या खोलीत गेले. यंत्र चालू होतं. भाऊजी एकच काच तिसऱ्यांदा मापकाखाली धरत होते.

"भाऊजी, यंत्र बंद करा."

"का? भाजीत मीठ विसरलात?" त्यांनी बटण दाबलं.

मी उभ्यानंच सांगितलं. जप, डोलावलेली मान, रिकामी ओळ, बाराला लिहिलेली ओळ, आणि संत्रं सोलतानाचं ते वाक्य. पाणी टपटपत होतं.

"मग मी काय सांगितलं होतं?"

"मला माहीत नाही. मी ऐकलंच नाही."

"टेकडीवरून पलीकडच्या खोऱ्यात, अकरापर्यंत येतो. असं म्हणालो होतो मी." ते एकेक शब्द चाचपून बोलत होते. "म्हणजे माझं डोकं ठीक आहे."

"ठीकच आहे. पहिल्यापासून."

त्यांनी मनगटावरचा आकडा अंगठ्यानं पुसला. मला वाटलं ते हसणार. पण ते म्हणाले, "मुंग्या चढल्या होत्या हो अंगावर. मी त्यांनाच सांगत होतो, थोडा वेळ थांबा, वहिनीनं लिहिलंय, येतीलच आता दादा."

मी त्यांच्या पाया पडायला वाकले. त्यांनी कुबडी मध्ये घातली. "नको. ते नको."

मालकांनी पडद्यातून डोकं घातलं. "काय, सोमवारचं काय ठरलं मग?"

"येतो. काचच घासतो," भाऊजी म्हणाले, आणि हातातली काच पुन्हा माप न घेता तयार मालाच्या खोक्यात ठेवली. मालक खूश होऊन गेले. मग भाऊजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "डबा ठेवा तिथं. दादाला आजच सांगा. मी सांगणार नाही, ते तुमचं काम. आणि काही दिवस माझ्याशी बोलू नका, वहिनी. मला जमेल तेव्हा मी बोलेन."

यंत्र पुन्हा सुरू झालं. मी घरी आले. हे पायरीवर बसून मुलांचे बूट पुसत होते. मी पायरीखालीच उभी राहिले, आणि त्यांनी मान वर करायच्या आत सांगायला सुरुवात केली.