पुन्हा फाटकाच्या आत

चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरचा मोबाइलचा कारखाना बंद पडला, तेव्हा तिथे कामाला असलेली सेंबगमक्का तिशीची होती. चार दिवस घरात बसली आणि पाचव्या दिवशी त्याच कारखान्यासमोर तिने इडलीची गाडी लावली. माझं पंक्चरचं दुकान शेजारीच. ती नेहमी फाटकाकडे पाठ करून उभी राहायची.

दहा-बारा वर्षं गेली. मग सरकारने योजना काढली. परदेशी कंपनीने इथल्या भागीदाराबरोबर कारखाना काढला तर मदत मिळणार, पण सुटे भाग इथेच बनवायचे आणि इथल्याच माणसांना शिकवायचं. तैवानची एक कंपनी नि चेन्नईचे एक उद्योजक एकत्र आले. फाटक उघडलं.

अक्का भरतीला गेली. तिथला पोरगा म्हणाला, "अम्मा, पंचविशीच्या आतल्या मुली हव्यात. तुम्ही कॅन्टीनला या ना, तुमची इडली तर आम्ही खातोच."

"इडली बाहेर विकतेच आहे की! सरकार पैसे देतंय ते शिकवायला ना? मग मला शिकव. नाही जमलं तर हाकल."

पोराने हसत तिला परीक्षेला बसवलं.

तांदळाच्या कणीएवढा भाग चिमट्याने खाचेत बसवायचा होता. शेजारच्या मुली पटापट बसवत होत्या. अक्काला खाचच दिसेना. चिमटा दोनदा बाजूलाच टेकला. "म्हातारी झाले मी," म्हणत ती उठली.

परीक्षा घेणाऱ्या तैवानच्या लियावबाई पन्नाशीच्या. त्या काहीतरी बोलल्या. दुभाष्या मुलीला हसू आलं. "विचारतायत, घरी सुईत दोरा कोण ओवून देतं?"

"माझी मुलगी."

"त्यांचीही मुलगीच देते म्हणे."

बाईंनी आपल्या नाकावरचा चष्मा काढून अक्काला घातला.

"अय्यो! एवढी मोठी खाच होती होय?" अक्का ओरडली आणि सगळा वर्ग खो-खो हसला. त्या हशातच तिने पहिला भाग बसवला.

तिला घेतलं. करार वर्षावर्षाचा, म्हणून गाडी मोडली नाही, भावजयीला चालवायला दिली. पुढच्या भरतीत वयाची अट सैल झाली. जुन्या कारखान्यातल्या आणखी तिघी आत गेल्या.

परवा ड्यूटी सुटल्यावर ती दुकानात आली. "अण्णा, दुसरी लाइन सुरू होतेय. सुनेला पाठव."

"तिला काय येतंय?"

"तिला कुणी शिकवलंय का अजून? उद्या पाठव. आणि चष्मा लागत असला तर आधीच करून घ्यायला सांग."